वनस्पतिजन्य अवशेषांपासून सेल्युलोज नॅनोतंतू : संशोधनाची वाटचाल आणि अनिर्णित प्रश्न

विषय आणि संज्ञा

पीक निघाल्यानंतर शेतात किंवा प्रक्रिया झाल्यानंतर कारखान्यात जे काड, पेंढा, चिपाडे, साली आणि चोथा मागे उरतो, त्याच्या कोरड्या वजनाचा साधारणपणे तिसरा हिस्सा ते निम्मा भाग सेल्युलोजचा असतो. हे सेल्युलोज पेशीभित्तिकेत सुट्या रेणूंच्या रूपात विखुरलेले नसते. ग्लुकोजच्या हजारो एककांच्या सरळ साखळ्या शेजारीशेजारी रचल्या जातात, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात आणि त्यांतून काही नॅनोमीटर जाडीचे, पण जाडीच्या मानाने अतिशय लांब असे तंतुक तयार होतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे तंतुक किंवा त्यांच्या बारीक जुड्या पेशीभित्तिकेतून सोडवून घेतल्या की त्यांना सेल्युलोज नॅनोतंतू म्हटले जाते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिभाषेनुसार या तंतूंची जाडी ३ ते १०० नॅनोमीटर असते, लांबी १०० मायक्रोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि लांबी जाडीच्या दहापटीहून अधिक असते. तीव्र आम्लाने तंतुकातील विस्कळीत भाग विरघळवून जे आखूड, सुईसारखे कण उरतात त्यांना सेल्युलोज नॅनोस्फटिक म्हणतात. त्यांचा निर्देश प्रस्तुत लेखात केवळ तुलनेपुरता आहे.

या तंतूंविषयी एवढी उत्सुकता का आहे, याचे उत्तर त्यांच्या रचनेत आहे. सेल्युलोजच्या स्फटिकाची लांबीच्या दिशेतील ताठरता सुमारे १३८ गिगापास्कल मोजली गेली आहे. ती काचतंतूच्या जवळजवळ दुप्पट आहे, तर घनता काचतंतूपेक्षा बरीच कमी, म्हणजे दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ते १.६ ग्रॅम आहे. तापमान वाढले तरी लांबीच्या दिशेने हे तंतू फारसे प्रसरण पावत नाहीत, ते मातीत कुजतात आणि त्यांचा उगम खनिज तेलात नसून वनस्पतीत आहे. वनस्पतीच्या अवशेषांतून असे तंतू काढता येतात का, हा प्रश्न आता बहुतांशी सुटला आहे. कोणत्या अवशेषातून, किती शुद्ध करून, किती ऊर्जा व पाणी खर्चून आणि कोणत्या कामासाठी ते काढावेत, याची उत्तरे मात्र अजून एकमताने दिली जात नाहीत, आणि या क्षेत्रातील जवळजवळ सगळी चर्चा याच प्रश्नांभोवती फिरते.

पार्श्वभूमी

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये निरनिराळ्या वनस्पतींच्या ऊतींवर आम्ल व अमोनियाची प्रक्रिया केली आणि मागे उरणारा तंतुमय पदार्थ सर्वत्र एकच असल्याचे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्याला सेल्युलोज हे नाव मिळाले. हा पदार्थ लांब साखळीच्या रेणूंचा आहे, ही कल्पना रुजायला मात्र हर्मान श्टाउडिंगर यांचे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील काम यावे लागले. त्या कामासाठी त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, स्वीडनमध्ये बेंग्ट रॉनबी यांनी गंधकाम्लाच्या साहाय्याने सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवता येतात हे दाखवले आणि नॅनोस्फटिकांच्या संशोधनाचा पाया घातला.

नॅनोतंतूंची वाट वेगळी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयटीटी रेयॉनियर या कंपनीच्या प्रयोगशाळेत टरबॅक, स्नायडर आणि सँडबर्ग यांनी लाकडाचा लगदा दुग्धव्यवसायातल्यासारख्या उच्चदाब एकजिनसीकरण यंत्रातून पुन्हापुन्हा दाबून सोडला, तेव्हा लगद्याचे धागे फाटत जाऊन दाट, अर्धपारदर्शक जेल तयार झाले. त्याला त्यांनी सूक्ष्मतंतुकित सेल्युलोज म्हटले आणि १९८३ मध्ये त्याविषयीचे निबंध प्रसिद्ध झाले. या प्रक्रियेला लागणारी वीज इतकी अधिक होती, आणि तंतूंनी यंत्राच्या अरुंद फटी वारंवार तुंबत होत्या, की पुढची दोन दशके हा शोध उद्योगापासून बराच दूर राहिला.

अवशेषांकडे लक्ष वळले ते १९९० च्या दशकात. फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी साखर काढून घेतलेल्या शर्कराबीटच्या चोथ्यातून तंतू वेगळे केले आणि हा पदार्थ लाकडापेक्षा बराच सहज सुटा होतो असे दिसून आले. त्यानंतर जगभर अवशेषांची यादी वाढत गेली. टोरांटो विद्यापीठातील अलेमदार आणि सेन यांनी २००८ मध्ये गव्हाचे काड आणि सोयाबीनची टरफले यांपासून तंतू काढले. केरळमधील कोट्टायम येथील महात्मा गांधी विद्यापीठात साबू थॉमस यांच्या गटाने केळीचे धागे आणि अननसाची पाने यांवर वाफेच्या स्फोटाची प्रक्रिया वापरली. मुंबईत माटुंगा येथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कापसाच्या तंतूंवर सूक्ष्मजीवांची नियंत्रित प्रक्रिया करून नॅनोसेल्युलोज मिळवण्याची पद्धत मांडली आणि पुढे प्रायोगिक उत्पादनाची सोयही उभी केली.

याच काळात लाकडाच्या लगद्यावरील संशोधनातही दोन मोठी पावले पडली. २००६ च्या सुमारास टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी सायतो यांनी रासायनिक पूर्वप्रक्रियेने अवघ्या ३-४ नॅनोमीटर जाडीचे तंतू एकेकटे सुटे करून दाखवले. या कामासाठी योशिहारू निशियामा यांच्यासह त्यांना २०१५ चे मार्कुस वालेनबेरी पारितोषिक मिळाले. क्योतो विद्यापीठात हिरोयुकी यानो यांच्या गटाने २००७ मध्ये असे दाखवले की, लाकडाचा लगदा एकदाही वाळू न देता दळला तर दळणयंत्रातून एकाच फेरीत सुमारे १५ नॅनोमीटर जाडीचे एकसारखे तंतू मिळतात. अवशेषांवरील आजचे बहुतेक काम या दोन पद्धतींच्या आधाराने उभे आहे.

कच्च्या मालातील भेद

सर्व वनस्पतिजन्य अवशेष एका मापाने मोजता येत नाहीत, याबद्दल अभ्यासकांत एकमत आहे. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेचे दोन थर मानले जातात. पेशी वाढत असताना तयार होणारी प्राथमिक भित्तिका पातळ असते, तिच्यातील तंतुक जाळीसारखे सैल विणलेले असतात आणि त्यांच्यामध्ये पेक्टिन हा चिकट, पाणी धरून ठेवणारा पदार्थ असतो. वाढ थांबल्यानंतर आतल्या बाजूने तयार होणारी दुय्यम भित्तिका जाड असते, तिच्यातील तंतुक एका दिशेने दाटीने रचलेले असतात आणि त्यांच्यामधल्या जागा लिग्निन या कठीण, जलविरोधी पदार्थाने भरलेल्या असतात. तंतुकांना भोवतीच्या पदार्थांशी सांधणारा हेमिसेल्युलोज हा आखूड व फांद्या असलेल्या शर्करासाखळ्यांचा गट दोन्ही थरांत असतो.

यावरून अवशेषांचे ढोबळ वर्ग पडतात. शर्कराबीटचा व गाजराचा चोथा, संत्री-मोसंबीच्या साली, बटाट्याचा गाळ हे प्रामुख्याने मऊ ऊतींचे, प्राथमिक भित्तिकेचे पदार्थ आहेत. त्यांत लिग्निन अगदी थोडे असल्याने सौम्य अल्कली, थोडे विरंजन आणि मध्यम यांत्रिक बळ एवढ्यावर काम भागते. स्कॉटलंडमधील सेल्युकॉम्प ही कंपनी गाजर व शर्कराबीटच्या तंतूंपासून रंगांना घट्टपणा देणारा पदार्थ बनवते, ती याच गुणाच्या आधारावर. दुसऱ्या टोकाला कापसाची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, नारळाचा काथ्या असे लाकडासारखे किंवा लिग्निनयुक्त अवशेष आहेत, ज्यांच्यातून लिग्निन काढायला तीव्र रसायने व अधिक वेळ लागतो. उसाची चिपाडे, गव्हाचे काड आणि भाताचा पेंढा या दोहोंच्या मधे येतात. चिपाडांत सेल्युलोज सुमारे ४० ते ५० टक्के, हेमिसेल्युलोज २५ ते ३० टक्के आणि लिग्निन २० ते २५ टक्के असते. भाताच्या पेंढ्यात लिग्निन त्याहून कमी असले तरी राखेचे प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या वर जाते आणि त्या राखेत सिलिका मोठ्या प्रमाणात असते. अल्कलीत ती विरघळते, द्राव घट्ट करते आणि रसायने परत मिळवण्याच्या यंत्रणेत साचते.

केळीचे खोड हा यातील वेगळा आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा नमुना आहे. केळीच्या झाडाला एकदाच घड येतो. तो काढला की खोड तोडावे लागते आणि जळगावसारख्या केळीच्या जिल्ह्यात ही खोडे बांधावर टाकली जातात किंवा शेतातच कुजवली जातात. खोड आडवे कापले तर एकमेकांत गुंडाळलेले पानांचे तळभाग वर्तुळाकार थरांत दिसतात, प्रत्येक थरात हवेच्या पोकळ्या असतात आणि कापलेल्या जागेतून पाणी निथळत राहते, कारण ताज्या खोडाच्या वजनाचा सुमारे नव्वद टक्के भाग पाणीच असते. बाहेरील थरांतून दोरासारखे बळकट धागे निघतात, आतला गाभा मऊ असतो आणि यांतील सेल्युलोजचे प्रमाण जात, थर व वयानुसार इतके बदलते की निरनिराळ्या निबंधांतील आकडे थेट शेजारी ठेवणे धोक्याचे ठरते. एकाच झाडात दोन प्रकारचा कच्चा माल असणे ही संधीही आहे आणि अडचणही.

शुद्धीकरण किती करावे?

तंतू सुटे करण्याआधी इतर घटक कमी करण्याच्या टप्प्याला शुद्धीकरण म्हणतात. प्रयोगशाळेतील रूढ क्रम असा आहे की, वाळवून दळलेला अवशेष चार-पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावात सुमारे ८० अंश सेल्सियस तापमानाला काही तास ठेवला जातो, ज्यामुळे हेमिसेल्युलोजचा मोठा भाग आणि काही लिग्निन निघून जाते. त्यानंतर आम्लधर्मी सोडियम क्लोराइटने विरंजन करून उरलेले लिग्निन काढले जाते आणि पिवळसर-तपकिरी लगदा पांढरा होतो. अलेमदार आणि सेन यांच्या अभ्यासात अशाच प्रकारच्या प्रक्रियेने गव्हाच्या काडातील सेल्युलोजचे प्रमाण ४३ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांपर्यंत गेले. प्रश्न असा आहे की, हे प्रमाण कुठवर न्यावे.

एका मतानुसार शुद्धीकरण शक्य तितके पूर्ण करावे. लिग्निन उरले तर तंतूंना रंग राहतो, पारदर्शक फिल्म किंवा वैद्यकीय वापर शक्य होत नाही, तंतू नीट सुटे होत नाहीत आणि एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेसारखा मिळेल याची खात्री राहत नाही. शुद्ध सेल्युलोज हे कोणत्याही वनस्पतीचे असले तरी रसायनदृष्ट्या सारखेच असते, त्यामुळे कच्च्या मालातील चढउतारावर मात करण्याचा हा एकमेव विश्वासार्ह मार्ग आहे, असे या मताचे समर्थक मानतात.

दुसरे मत असे की, अवशेषांचा मुख्य फायदा स्वस्ताईचा आहे आणि तो अतिशुद्धीकरणात संपून जातो. क्लोरीनयुक्त विरंजनामुळे सांडपाण्याचा प्रश्न उभा राहतो आणि प्रत्येक टप्प्यावर सेल्युलोजचाही काही भाग वाहून जातो. शिवाय हेमिसेल्युलोज पूर्ण काढणे उलटही ठरू शकते: क्योतो गटाने २००८ मध्ये दाखवले की, लगदा वाळताना तंतुकांमध्ये हेमिसेल्युलोज राहिलेले असेल तर ते तंतुकांना एकमेकांना कायमचे चिकटू देत नाही आणि पुन्हा सुटे करणे सोपे जाते. याच विचारातून लिग्निन राखून ठेवलेल्या नॅनोतंतूंचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. असे तंतू रंगाने गडद असले तरी पाण्याला अधिक विरोध करतात, प्लास्टिकमध्ये अधिक सहज मिसळतात आणि वेष्टनासाठी उपयोगी पडू शकतात. मात्र लिग्निन किती उरले असता सुटे होण्याची क्षमता टिकते, याचा सर्व अवशेषांना लागू पडेल असा आकडा अद्याप मिळालेला नाही. चिपाडांसाठी जे खरे ठरते ते पऱ्हाटीसाठी खरे ठरेलच असे नाही.

या दोन मतांच्या मधे वाफेचा स्फोट, ऑक्सॅलिक आम्लासारखी सौम्य सेंद्रिय आम्ले आणि कोलीन क्लोराइड व युरिया अशा घन पदार्थांच्या मिश्रणातून तयार होणारे कमी तापमानाला द्रवरूप राहणारे विद्रावक यांचा वापर करणारे प्रयत्न आहेत. वाफेच्या स्फोटात ओलसर अवशेष उच्चदाबाच्या वाफेत ठेवून दाब एकदम सोडला जातो. आतील पाणी झपाट्याने प्रसरण पावून ऊती फुटते आणि हेमिसेल्युलोज विरघळू लागते. नव्या विद्रावकांविषयी आशा बाळगली जाते, परंतु ते परत मिळवून किती वेळा वापरता येतात यावरच त्यांचे अर्थकारण अवलंबून आहे.

तंतू सुटे करण्याच्या वाटा

शुद्ध झालेल्या लगद्यातील तंतू सुटे करण्यासाठी शेवटी यांत्रिक बळ लागतेच. फरक पडतो तो आधी कोणती तयारी केली जाते यात. केवळ यांत्रिक पद्धतीत लगदा उच्चदाब एकजिनसीकरण यंत्रातून, अरुंद नलिकांतून किंवा दळणयंत्रातून अनेकदा फिरवला जातो. दळणयंत्रात जात्यासारख्या दोन दगडी चकत्या असतात, त्यांतील एक स्थिर व दुसरी वेगाने फिरणारी असते आणि त्यांच्यामधले अंतर एकमेकींना स्पर्श होईपर्यंत कमी करता येते. एक-दोन टक्के लगदा असलेले पाणी वरून ओतले की सुरुवातीला खालून दुधट, पातळ द्रव पडतो; फेऱ्या वाढतील तसा तो दाट होत जातो आणि अखेरीस भांडे उलटे केले तरी खाली न पडणारे जेल तयार होते, ज्याच्या वजनात अठ्ठ्याण्णव टक्के पाणीच असते. एवढ्या थोड्या तंतूंनी एवढे पाणी धरून ठेवणे हेच ते सुटे झाल्याचे पहिले दिसणारे चिन्ह मानले जाते. या वाटेचा दोष म्हणजे विजेचा खर्च: कोणतीही पूर्वतयारी न करता एक टन कोरडे तंतू मिळवण्यासाठी काही दहा हजार युनिट वीज लागल्याच्या नोंदी आहेत आणि त्या सत्तर हजार युनिटांपर्यंतही गेल्या आहेत.

रासायनिक पूर्वतयारीत सर्वांत प्रभावी ठरलेली पद्धत इसोगाई-सायतो यांची आहे. टेम्पो या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेंद्रिय उत्प्रेरकाच्या आणि सोडियम ब्रोमाइडच्या उपस्थितीत, अल्कधर्मी पाण्यात, सोडियम हायपोक्लोराइटने तंतुकांच्या पृष्ठभागावरील ठरावीक हायड्रॉक्सिल गटांचे कार्बॉक्सिल गटांत रूपांतर केले जाते. हे गट ऋणभारित असल्याने शेजारचे तंतुक एकमेकांना दूर लोटतात आणि थोड्याशा यांत्रिक बळाने एकेकटे सुटे होतात. विजेचा खर्च त्यामुळे अनेक पटींनी घटतो. मात्र उत्प्रेरक महाग आहे, तो पूर्णपणे धुऊन काढावा लागतो, सांडपाण्यात क्षार राहतात आणि पृष्ठभागाचे रसायन बदलल्याने तंतू तुलनेने कमी तापमानालाच विघटित होऊ लागतात. कार्बॉक्सिमिथाइल गट जोडणारी दुसरी पद्धतही विद्युतभाराच्या याच तत्त्वावर चालते.

तिसरी वाट विकरांची, म्हणजे जैविक उत्प्रेरकांची आहे. ट्रायकोडर्मासारख्या बुरशीपासून मिळणारे एंडोग्लुकॅनेज हे विकर सेल्युलोजच्या विस्कळीत भागातील साखळ्या अधूनमधून तोडते, तंतू फुगतो आणि पुढील दळण सोपे होते. स्कँडिनेव्हियात २००० नंतरच्या दशकात सौम्य विकर-प्रक्रिया व यांत्रिक दळण यांचा मेळ घालून ही पद्धत पुढे आली आणि २०११ मध्ये स्वीडनमधील इनव्हेंटिया संस्थेत प्रायोगिक उत्पादनही सुरू झाले. पूर्वतयारी केल्यास वीज टनामागे एक-दोन हजार युनिटांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणता येते, असे अनेक अभ्यास सांगतात. विकर-प्रक्रियेत पृष्ठभागाचे रसायन बदलत नाही व सांडपाणी सौम्य राहते, परंतु वेळ अधिक लागतो, विकर विकत घ्यावे लागते आणि लिग्निन उरलेल्या अवशेषांवर त्याचा परिणाम मंदावतो, कारण विकर लिग्निनला चिकटून निष्क्रिय होते.

यांपैकी कोणती वाट योग्य, याबाबतचा मतभेद बराचसा उद्दिष्टांच्या भिन्नतेतून आलेला आहे. पारदर्शक फिल्म किंवा अत्यंत बारीक तंतू हवे असतील तर रासायनिक पूर्वतयारीला आज समर्थ पर्याय नाही. कागदाची बळकटी वाढवायची असेल किंवा सिमेंट व रंग घट्ट करायचे असतील तर काही दहा नॅनोमीटर जाडीच्या जुड्या पुरेशा होतात आणि तिथे विकर किंवा केवळ दळण अधिक सुज्ञपणाचे ठरते. आतापर्यंतच्या बऱ्याच निबंधांत मात्र जाडी कमीत कमी असणे हेच यश मानले गेले आहे आणि तंतू कशासाठी वापरायचे हा प्रश्न नंतर विचारला गेला आहे.

वाळवण आणि वाहतूक

तंतू पाण्यात तयार होतात आणि पाण्यातच सुटे राहतात. पाणी उडून जाऊ लागले की शेजारचे तंतू एकमेकांजवळ खेचले जातात, हायड्रोजन बंध जुळतात आणि पुन्हा पाणी घातले तरी ते पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. कागदाच्या लगद्याबाबतचा हा परिणाम जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग यायमे यांनी १९४४ मध्ये नोंदवला होता. परिणामी उत्पादकाला दोनच पर्याय उरतात: एक किलो तंतूंसाठी जवळजवळ पन्नास किलो जेल वाहून न्यायचे, त्यात बुरशी वाढू नये म्हणून परिरक्षक घालायचे, किंवा गोठवून व फवारून वाळवण्याच्या महागड्या पद्धती वापरायच्या. वाळवण्यापूर्वी पृष्ठभागावर आवरण देणे किंवा तंतूंमध्ये इतर रेणू मिसळणे असे उपाय अभ्यासले जात आहेत, पण सर्व उपयोगांना चालेल असा उपाय सापडलेला नाही. अवशेषांच्या बाबतीत ही अडचण दुहेरी आहे, कारण कच्चा मालच साठवणुकीसाठी उन्हात वाळवला जातो आणि क्योतो येथील प्रयोगांनी अधोरेखित केलेला, कधीही न वाळलेल्या ऊतीचा फायदा सुरुवातीलाच गमावला जातो. केळीच्या खोडासारख्या ओल्या अवशेषावर तो तोडल्याच्या जागेजवळच प्रक्रिया करण्याच्या कल्पनेला म्हणूनच तांत्रिक आधार आहे.

मोजमापाचा प्रश्न

निरनिराळ्या अवशेषांची तुलना करणे अवघड होण्याचे एक कारण मोजमापाच्या रीतींत आहे. तंतूंची जाडी बहुधा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील निवडक चित्रांवरून मोजली जाते, आणि त्या चित्रात न आलेला, न फाटलेला जाड भाग एकूण वजनाच्या किती टक्के आहे हे अनेकदा सांगितलेच जात नाही. स्फटिकतेचे प्रमाण क्ष-किरणांच्या विवर्तनावरून काढण्याची सेगल व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेली सोपी रीत आजही सर्वाधिक वापरली जाते. मूळ कापसासाठी आखलेली ही रीत लहान स्फटिकांच्या आणि मिश्र घटकांच्या नमुन्यांना लावल्यास आकडे दिशाभूल करू शकतात, याकडे अनेक तज्ज्ञांनी लक्ष वेधले आहे. उतारा, म्हणजे मूळ कोरड्या अवशेषाच्या किती टक्के वजनाचे तंतू मिळाले, हा शेतकरी व उद्योजक या दोघांच्याही दृष्टीने पहिला आकडा आहे. तो कधी मूळ अवशेषावर, कधी शुद्ध लगद्यावर काढला जातो. या तीन मापांबाबत एकच शिस्त पाळली गेली असती तर आज दिसणारे काही मतभेद मुळात उद्भवलेच नसते.

उपयोग आणि बाजारपेठ

जपानने या क्षेत्राला सर्वाधिक सातत्याने पाठबळ दिले आहे. निप्पॉन पेपर या कंपनीने २०१७ मध्ये इशिनोमाकी येथे वर्षाला ५०० टन क्षमतेचा, टेम्पो पद्धतीचा कारखाना सुरू केला; प्रौढांच्या शोषक वस्त्रांतील दुर्गंधी रोखणारे थर, जेल पेनची शाई, धावण्याच्या बुटांचे तळवे अशा वस्तूंत नॅनोतंतू आले आणि २०१९ च्या टोकियो मोटर शोमध्ये नॅनोतंतूंचा वापर केलेली प्रायोगिक मोटारही मांडण्यात आली. मात्र या सर्वांमागचा कच्चा माल प्रामुख्याने लाकडाचा लगदा आहे, जो वर्षभर, एकसारखा आणि आधीच शुद्ध केलेल्या रूपात मिळतो. अवशेषांना या बाजारात जागा मिळवायची असेल तर त्यांनी लगद्यापेक्षा स्वस्त किंवा वेगळे असणे आवश्यक आहे. मऊ ऊतींच्या अवशेषांनी ते वेगळेपण काही अंशी सिद्ध केले आहे. काड व पेंढा यांच्या बाबतीत ते अद्याप सिद्ध व्हायचे आहे.

पर्यावरण आणि सुरक्षितता

कच्चा माल अवशेष आहे म्हणजे उत्पादन पर्यावरणस्नेही झालेच, असे गृहीत धरता येत नाही. कच्च्या मालापासून उत्पादनापर्यंतचा सर्व भार मोजणाऱ्या जीवनचक्र मूल्यमापनाचे बरेच अभ्यास झाले आहेत. स्वीडनमधील चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठातून २०१५ मध्ये आलेल्या अशाच एका अभ्यासात विकर-प्रक्रिया आणि पूर्वतयारीविना दळण यांच्या तुलनेत कार्बॉक्सिमिथाइल पद्धतीचा भार सर्वाधिक आढळला, कारण तीत खनिज तेलापासून मिळणारे विद्रावक लागतात. म्हणजे विजेची बचत दुसऱ्या एखाद्या रसायनाच्या खर्चात निघून जाऊ शकते. या अभ्यासांपैकी बहुतेक प्रयोगशाळेतील आकड्यांवर आधारलेले असल्याने मोठ्या कारखान्यात चित्र सुधारेल असे एक मत आहे, तर सांडपाणी व वाळवण यांचा भार मोठ्या प्रमाणावरच खरा दिसून येईल असे दुसरे. आरोग्याच्या बाबतीत, लांब व बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेल्यास काय होईल ही शंका ॲस्बेस्टॉसच्या अनुभवामुळे साहजिक आहे. आतापर्यंतच्या प्रयोगांत सेल्युलोज नॅनोतंतू ॲस्बेस्टॉसपेक्षा बरेच कमी घातक आढळले आहेत, परंतु मानवी शरीरात सेल्युलोज तोडणारे विकर नसल्याने फुप्फुसात ते किती काळ टिकतात हा प्रश्न दीर्घकालीन अभ्यासाचा आहे. तंतू बहुधा ओल्या रूपात हाताळले जातात तोवर धोका कमी असतो. वाळवलेल्या भुकटीबाबत ही खात्री देता येत नाही.

अवशेष कोणासाठी अवशेष?

प्रयोगशाळेत ज्याला टाकाऊ म्हटले जाते, ते शेतीत क्वचितच पूर्णपणे टाकाऊ असते. शंभर किलो उसातून सुमारे अठ्ठावीस ते तीस किलो ओली चिपाडे निघतात आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत ती बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज तयार होते. चिपाडे तंतूंसाठी वळवली तर कारखान्याला दुसरे इंधन शोधावे लागेल. ज्वारीचा कडबा आणि कोकणातील भाताचा पेंढा हा जनावरांचा चारा आहे, सोयाबीनचे कुटारही अनेक ठिकाणी गोठ्यात जाते आणि पऱ्हाटी विदर्भात चुलीचे इंधन म्हणून वापरली जाते. याउलट उसाचे पाचट अनेक ठिकाणी शेतात पेटवले जाते, पंजाब-हरियाणातील भाताच्या पेंढ्याचीही तीच गत होते आणि केळीच्या खोडांची विल्हेवाट हा शेतकऱ्याच्या खर्चाचा भाग असतो. पाचट व खोड जमिनीतच कुजवावे, कारण त्यातून सेंद्रिय कर्ब व पालाश परत मातीला मिळते, असा मृदाशास्त्रज्ञांचा सल्ला आहे आणि तो बाजूला ठेवता येण्याजोगा नाही. काही अभ्यासक म्हणून संपूर्ण अवशेष उचलण्याऐवजी आधीच चाललेल्या प्रक्रियेचा उरलेला भाग वापरण्याचा मार्ग सुचवतात, जसे केळीच्या खोडातून धागा काढल्यावर मागे राहणारा गर किंवा फळप्रक्रिया कारखान्यातील साली. तिथे गोळा करण्याचा व वाहतुकीचा खर्च आधीच झालेला असतो.

काय ठरले आणि काय उरले?

आजवरच्या कामातून काही गोष्टी निश्चित झाल्या आहेत. जवळजवळ कोणत्याही वनस्पतिजन्य अवशेषातून नॅनोतंतू काढता येतात. मऊ ऊतींचे अवशेष काष्ठमय अवशेषांपेक्षा कमी खर्चात सुटे होतात. पूर्वतयारीने विजेचा खर्च मोठ्या प्रमाणात घटतो. आणि शुद्ध झालेल्या तंतूंचे गुण मूळ वनस्पतीपेक्षा प्रक्रियेवर अधिक अवलंबून असतात. अनिर्णित प्रश्नही तितकेच स्पष्ट आहेत. लिग्निन व हेमिसेल्युलोज किती ठेवावे, रसायनांचा व पाण्याचा पुनर्वापर कितपत शक्य आहे, गुण न गमावता तंतू कसे वाळवावेत, हंगामी व विखुरलेल्या अवशेषांवर वर्षभर चालणारा उद्योग उभा राहू शकतो का आणि दीर्घकाळ संपर्कात आल्यास आरोग्यावर काय परिणाम होतो, या पाचही प्रश्नांवर आजचे पुरावे अपुरे आहेत.

या प्रश्नांची उत्तरे नव्या अवशेषांची नावे यादीत घालून मिळणार नाहीत. एकाच अवशेषावर निरनिराळ्या पद्धती आणि एकाच पद्धतीने निरनिराळे अवशेष, असे तुलनात्मक काम त्यासाठी लागेल. प्रत्येक निबंधात मूळ कोरड्या वजनावरील उतारा, एकूण वीज, वापरलेले पाणी, परत मिळालेली रसायने आणि न सुटलेल्या भागाचे प्रमाण हे पाच आकडे दिले जाणे ही त्याची पहिली अट आहे. त्याच्या जोडीला संबंधित अवशेष त्या भागात आज कोणत्या कामी येतो आणि तो उचलल्यास माती, गोठा किंवा बॉयलर यांचे काय होते, हेही नोंदवले गेले तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि शेतीचे अर्थशास्त्र हे तीन स्वतंत्र हिशेब एका जागी मांडता येतील. असे झाल्यास कोणत्या जिल्ह्यातील कोणत्या अवशेषापासून नॅनोतंतू काढणे हिताचे आहे आणि कुठे तो मातीकडेच परत जाऊ देणे अधिक शहाणपणाचे आहे, हे पुराव्याच्या आधारे सांगता येईल.